जुन्या रेडिओंची लिलावातून खरेदी

जुना रेडिओ विकत घेणे ही गोष्ट वरवर पाहता साधी वाटते. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जावे, मांडून ठेवलेल्या संचांपैकी एखादा उचलून पाहावा, मागचे झाकण काढावे, बटणे फिरवावीत, शक्य असल्यास वीज जोडून आवाज ऐकावा आणि मग घासाघीस करून सौदा ठरवावा, अशी ही रूढ पद्धत आहे. या पद्धतीत ग्राहकाचे डोळे, कान आणि बोटे त्याच्या मदतीला असतात; नाकाचाही उपयोग होतो, कारण जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास लपत नाही. आंतरजालावरील लिलावात यांपैकी केवळ डोळे उरतात, आणि तेही विक्रेत्याने जेवढे दाखवावयाचे ठरविले असेल तेवढेच पाहू शकतात.

असे असूनही जगभरातील जुन्या रेडिओंचा फार मोठा व्यवहार आज या दूरस्थ लिलावांतून होतो. याचे कारण उघड आहे. एखाद्या शहराच्या बाजारात एका वेळी पंचवीस-तीस संच दिसतील. लिलावाच्या पटावर हजारो दिसतात. जो संच आपल्या गावी वर्षानुवर्षे दृष्टीस पडणार नाही, तो तेथे दर आठवड्याला येऊ शकतो. तेव्हा प्रश्न असा की, वस्तू हाती न घेता, विक्रेत्याचे तोंड न पाहता, योग्य किमतीत चांगला संच मिळविता येईल काय? उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्यासाठी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: लिलावाचे नियम, किमतीचे गणित आणि रेडिओच्या अंतरंगातील नेहमीचे दोष. प्रस्तुत प्रकरणात या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

लिलावाचे यंत्र

आंतरजालावरील लिलावांत सर्वांत परिचित असलेली ईबे ही संस्था पिएर ओमिड्यार यांनी १९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. आरंभी तिचे नाव ऑक्शनवेब असे होते. तेथे प्रथम विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे मोडलेला लेसर दर्शक होय. त्याला १४ डॉलर ८३ सेंट एवढी किंमत आली. मोडक्या वस्तूलाही कोठे ना कोठे गिऱ्हाईक असते, हा या बाजाराचा पहिला धडा. नादुरुस्त रेडिओंच्या बाबतीत तो आजही खरा आहे.

या लिलावात बोली लावण्याची रीत नेहमीच्या पुकाऱ्याच्या लिलावाहून भिन्न आहे. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवितो. यंत्रणा त्याच्या वतीने, प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यास आवश्यक तेवढीच रक्कम पुढे करते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका संचाची चालू बोली २२ डॉलर आहे. आपण ६० डॉलरची कमाल मर्यादा नोंदविली आणि दुसऱ्या कोणाची कमाल मर्यादा ४१ डॉलर असली, तर संच आपल्याला साधारणपणे ४२ डॉलरना मिळतो, ६० डॉलरना नव्हे. म्हणजे जिंकणारा देतो ती किंमत त्याची स्वतःची नसून त्याच्या खालोखालच्या स्पर्धकाची असते. तीत एका पायरीची भर पडते, एवढेच.

या प्रकारच्या लिलावाचे शास्त्र अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली मांडले. त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विवेचनाचे सार असे: जेव्हा जिंकणाऱ्यास दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यावयाची असते, तेव्हा वस्तूचे आपल्या दृष्टीने जे खरे मोल असेल तेच नोंदविणे सर्वांत हिताचे ठरते. त्यापेक्षा कमी नोंदविल्यास परवडणारी वस्तू हातची जाते. अधिक नोंदविल्यास न परवडणारी गळ्यात पडते. यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. आपली मर्यादा लिलावापूर्वी, शांत चित्ताने, कागदावर लिहून ठरवावी आणि नंतर ती बदलू नये. बोली चढत असताना 'आणखी दोनच डॉलर' असे म्हणत जाणारा मनुष्य आपली मर्यादा प्रतिस्पर्ध्याला ठरवू देत असतो.

अखेरचे क्षण

विक्री यांचा सिद्धांत काटेकोरपणे पाळला जात असता, तर बोली केव्हा लावली याला महत्त्व उरले नसते. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य जाणकार अगदी शेवटच्या मिनिटात बोली लावतात. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सवयीचे कारण शोधले. ईबेचा लिलाव घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला बंद होतो. याउलट अ‍ॅमेझॉनच्या तत्कालीन लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढत असे, आणि दहा मिनिटे कोणीही बोली न लावल्यावरच लिलाव संपे. उशिरा बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर पुष्कळच अधिक आढळले, आणि अनुभवी ग्राहकांत ते विशेष होते. आणखी एक गोष्ट अशी की, ईबेवर संगणकांपेक्षा प्राचीन वस्तूंच्या लिलावांत ही प्रवृत्ती जास्त दिसली.

या शेवटच्या निरीक्षणाचा जुन्या रेडिओंशी निकटचा संबंध आहे. संगणकाची किंमत कोणालाही छापील दरपत्रकावरून कळते. जुन्या वस्तूचे मोल मात्र जाणकारच ओळखतो. अशा जाणकाराने आठवडाभर आधी बोली लावली, तर तो आपले ज्ञान फुकट वाटतो. इतरांना समजते की, या संचात काहीतरी विशेष आहे. म्हणून तो गप्प राहतो आणि अखेरच्या काही सेकंदांत आपली कमाल रक्कम एकदाच नोंदवितो. यात लबाडी नाही. नियमांच्या चौकटीत राहून केलेला हा विवेक आहे.

भारतातून बोली लावणाऱ्याने वेळेचे गणितही ध्यानात घ्यावे. ईबेच्या अमेरिकी पटावर पॅसिफिक प्रमाणवेळ चालते. तेथील हिवाळ्यात ती भारतीय वेळेपेक्षा साडेतेरा तास, तर उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते. तेथे रविवारी सायंकाळी सहा वाजता बंद होणारा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसात किंवा साडेसहा वाजता संपतो. याउलट तेथील भल्या पहाटे, म्हणजे आपल्याकडील सायंकाळी, संपणाऱ्या लिलावांत तेथील स्पर्धक झोपेत असतात. अशा लिलावांवर भारतीय ग्राहकाने विशेष लक्ष ठेवावे.

मोल कसे ठरवावे

मर्यादा आधी ठरवावी हे खरे, पण ती ठरवावी कशी? येथे नवशिक्याची दिशाभूल मागणीच्या किमती करतात. पटावर एखादा संच ४०० डॉलरना मांडलेला दिसतो, आणि तेवढे त्याचे मोल असावे असे वाटू लागते. वस्तुतः तो संच तेथे वर्षभर धूळ खात पडलेला असू शकतो. मोल कळते ते विकल्या गेलेल्या वस्तूंच्या नोंदींवरून. गेल्या सुमारे ९० दिवसांत पुऱ्या झालेल्या विक्रीच्या नोंदी वेगळ्या काढून पाहण्याची सोय असते. एकाच नमुन्याच्या आठ-दहा विक्री पाहाव्यात. त्यांतील सर्वांत चढ्या आणि सर्वांत उतरत्या किमती बाजूला ठेवाव्यात. चालू संच आणि नादुरुस्त संच यांचे दोन वेगळे रकाने करावेत. एवढ्या तासाभराच्या कामाने जी माहिती हाती येते ती कोणत्याही किंमतकोशापेक्षा विश्वसनीय असते.

यानंतर एका सूक्ष्म धोक्याचा विचार करावा लागतो. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेलतज्ज्ञांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्राखाली तेल किती आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. प्रत्येक कंपनी अंदाज बांधते. लिलाव कोण जिंकते? जिचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो ती. म्हणजे जिंकणे हाच मुळी आपण अधिक किंमत लावल्याचा पुरावा ठरतो. अर्थशास्त्रात यास विजेत्याचा शाप असे म्हणतात. इ. स. १९३ मध्ये रोमच्या अंगरक्षक दलाने चक्क सम्राटपदाचाच लिलाव केला होता. तो जिंकणारा डिडियस ज्युलियानस अवघ्या ६६ दिवसांत मारला गेला.

बंद पडलेला रेडिओ हे छोटे तेलक्षेत्रच होय. आत काय बिघडले आहे हे बोली लावणाऱ्यांपैकी कोणासच निश्चित ठाऊक नसते. दहा जणांपैकी ज्याला 'किरकोळ दोष असेल' असे सर्वांत जास्त वाटते, तो जिंकतो. म्हणून आपल्या अंदाजातून शंकेपोटी काही रक्कम वजा केल्यावाचून तो अंदाज मर्यादा म्हणून वापरू नये. आणि स्पर्धक जितके अधिक, तितकी ही वजावट मोठी असावी.

हे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चालू स्थितीतील एखादा संच १२० डॉलरना विकला जातो. आपल्यासमोरचा संच नादुरुस्त आहे. सुट्या भागांस १५ डॉलर लागतील आणि वाहतुकीस २८ डॉलर. चारांपैकी एक वेळ तो दुरुस्त होण्यापलीकडचा निघेल असे आपण धरतो. तसे झाल्यास त्याचे सुटे भाग २० डॉलरना जातील. आता चारांपैकी तीन वेळा १२० मधून १५ जाता १०५ मिळतील, आणि एक वेळ २०. यांची सरासरी ८३ डॉलर ७५ सेंट होते. त्यातून वाहतुकीचे २८ वजा जाता ५५ डॉलर ७५ सेंट उरतात. तेव्हा ५५ डॉलर ही आपली कमाल मर्यादा. यात दुरुस्तीच्या श्रमांचे मोल धरलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्याला दुरुस्ती हाच आनंद आहे त्याने ते धरले नाही तरी चालेल. ज्याला दुरुस्तीकाराकडे जावे लागणार आहे त्याने अवश्य धरावे.

वर्णनाची भाषा

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सर्वच गाड्यांना संशयाने कमी किंमत देतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि तेथे खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. जुन्या रेडिओंच्या लिलावाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. तथापि यातच संधीही दडलेली आहे. जो ग्राहक चांगला संच खराब संचातून निवडू शकतो, त्याला सर्वांसाठी उतरलेल्या किमतीचा लाभ होतो.

निवड वर्णनापासून सुरू होते. वर्णनातील काही शब्दप्रयोगांचा अर्थ अनुभवाने ठरलेला आहे. 'तपासलेला नाही' असे म्हटले असेल, तर पुष्कळदा तो तपासलेला असतो आणि बंद आढळलेला असतो. मात्र एखाद्या दिवंगत गृहस्थाचे सामान विकणारा विक्रेता, किंवा अमेरिकेतील गुडविलसारखी दान आलेल्या वस्तू १९९९ पासून स्वतःच्या लिलावपटावर विकणारी धर्मादाय संस्था, हे शब्द प्रामाणिकपणे वापरू शकते. विक्रेत्याच्या इतर वस्तू पाहाव्यात. तो भांडी, बाहुल्या आणि पुस्तके विकत असेल, तर त्याचे अज्ञान खरे मानावे. तो केवळ रेडिओच विकत असेल, तर त्याने तो तपासला नाही यावर विश्वास ठेवू नये.

'दिवा लागतो' याचा अर्थ वीज आत पोहोचते एवढाच. 'खरखर ऐकू येते' याचा अर्थ शेवटचा ध्वनिवर्धक टप्पा आणि कर्णा शाबूत असावा. त्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. 'केंद्रे लागतात' असे असल्यास कोणत्या पट्ट्यावर, हे विचारावे; मध्यम लहरींवर चालणारा संच लघुलहरींच्या सर्व पट्ट्यांवर मुका असू शकतो. 'दुर्मिळ' हा शब्द वाचलाच नाही असे समजावे.

विक्रेत्यास प्रश्न विचारण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. परंतु अनेक वर्षे बंद पडून असलेल्या व्हॉल्व्हच्या संचाविषयी एक विनंती उलट्या दिशेची करावी लागते: 'कृपया तो विजेस जोडून पाहू नका.' अशा संचातील इलेक्ट्रोलिटिक धारित्रे, ज्यांना दुरुस्तीकार कंडेन्सर म्हणतात, सुकून निकामी झालेली असतात. एकदम पूर्ण दाब मिळताच त्यांतून भरमसाट प्रवाह वाहतो आणि एकदिशकारक व्हॉल्व्ह किंवा मुख्य ट्रान्सफॉर्मर जळतो. धारित्रे थोड्या पैशांत बदलता येतात. मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण. म्हणजे चांगल्या हेतूने केलेली तपासणीच संचाचा नाश करू शकते.

छायाचित्रे कशी वाचावीत

वर्णनापेक्षा छायाचित्रे अधिक बोलतात. पुढील बाजूचे एकच सुंदर चित्र असेल, तर मागची, आतली आणि सेलच्या कप्प्याची चित्रे मागवावीत. ती देण्यास नकार मिळाल्यास संच सोडून द्यावा. सेलच्या कप्प्यातील हिरवट किंवा पांढरी भुकटी हे गळलेल्या सेलचे लक्षण आहे. ती केवळ पट्ट्यांवर असेल तर साफ करता येते, मंडलापर्यंत पोहोचली असेल तर येत नाही. बटणे एकाच जातीची आहेत काय, तबकडीची काच फुटलेली आहे काय, मागचे झाकण आहे काय, हे पाहावे. एक मूळ बटण शोधण्यात महिने जाऊ शकतात. बॅकेलाइटच्या पेटीवरील केसाएवढी तडही वाहतुकीत पूर्ण चीर होते.

प्रत्येक नमुन्याचे खास दोष असतात, आणि ते माहीत असणाऱ्यालाच खरा सौदा साधतो. काही उदाहरणे पाहू. अमेरिकेतील झेनिथ कंपनीचा ट्रान्स-ओशनिक हा सुवाह्य संच १९४२ साली प्रथम निघाला. त्याची ट्रान्झिस्टरवर चालणारी आवृत्ती १९५७ मध्ये आली. १९५० च्या दशकातील व्हॉल्व्हच्या ट्रान्स-ओशनिकमध्ये १एल६ नावाचा एक व्हॉल्व्ह असतो. तो आता इतका दुर्मिळ आहे की, काही विक्रेते तो काढून वेगळा विकतात. आतील छायाचित्रात ती खोबण रिकामी दिसली, तर तेवढी रक्कम मर्यादेतून वजा करावी.

युरोपात १९६० च्या दशकात बनलेल्या पुष्कळ ट्रान्झिस्टर संचांत एएफ११४ ते एएफ११७ या मालिकेतील जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत. त्यांच्या धातूच्या टोपीत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतील तारांना स्पर्श करून मंडल लघुपरिपथित करतात. संच अचानक मुका होतो. दोष भयंकर वाटतो. जाणकारासाठी मात्र तो तासाभराचे काम आहे. अशा वेळी 'बंद' या शब्दाने घाबरलेल्या इतर ग्राहकांपेक्षा तो निश्चिंतपणे बोली लावू शकतो.

सोनी कंपनीच्या लघुलहरी संचांचीही अशीच गोष्ट आहे. आयसीएफ-२०१० या १९८५ च्या गाजलेल्या संचात बाहेरच्या आकाशकातून आलेल्या स्थितिक विद्युतभाराने प्रवेशाचा एक ट्रान्झिस्टर निकामी होतो आणि लघुलहरी बहिऱ्या होतात. तो बदलता येतो. आयसीएफ-एसडब्ल्यू७७ मधील सूक्ष्म इलेक्ट्रोलिटिक धारित्रे गळून तांब्याच्या रेषा खातात. तेथे काम किती वाढेल हे सांगता येत नाही. आयसीएफ-एसडब्ल्यू१०० या मिटणाऱ्या छोट्या संचाच्या आरंभीच्या प्रतींत बिजागरीतून जाणारी चपटी तारपट्टी उघडझापीने तुटते. एकाच कंपनीचे तीन संच आणि तीन दोष: पहिल्यासाठी धाडस करावे, दुसऱ्यासाठी मोठी वजावट धरावी आणि तिसऱ्यासाठी पट्टी बदलली आहे काय ते आधी विचारावे.

दाब आणि लहरींचे पट्टे

देशाबाहेरून येणाऱ्या संचाबाबत दोन प्रश्न अपरिहार्य आहेत. तो कोणत्या दाबावर चालतो आणि येथील केंद्रे त्यावर लागतील काय? अमेरिकेत सुमारे १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट, तर भारतात २३० व्होल्ट दाब असतो. ब्रिटिश घरगुती संच या दृष्टीने आपल्याला सोयीचे.

लहरींच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण ती वर्णनात लिहिलेली नसते. भारतात एफएम केंद्रे १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेली आहेत. जपानमध्ये तेथील वापरासाठी बनलेल्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असतो. सोव्हिएत संघातील पुष्कळ संचांचा पट्टा ६६ ते ७४ च्या आसपास आहे. त्यावर येथील एकही एफएम केंद्र लागणार नाही. पश्चिम जर्मनीतील १९५० च्या दशकातील सुरेख संच १०० मेगाहर्ट्झलाच थांबतात. मध्यम लहरींवर अमेरिकेत केंद्रांमधील अंतर १० किलोहर्ट्झ, तर भारतात ९ किलोहर्ट्झ असते. आकडे दाखविणाऱ्या संचात हे अंतर बदलण्याची कळ आहे काय ते पाहावे. तबकडी फिरवून लावावयाच्या संचांत ही अडचण नाही. तबकडीचे स्पष्ट छायाचित्र मिळाले की या बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात.

जिवाचा प्रश्न

आतापर्यंत पैशाच्या हानीचा विचार केला. एका प्रकारच्या संचात मात्र जिवाचा धोका असतो, आणि दुर्दैवाने हेच संच सर्वांत स्वस्त असल्यामुळे नवशिक्याच्या हाती प्रथम पडतात.

अमेरिकेत पाच व्हॉल्व्हचे लाखो स्वस्त संच ट्रान्सफॉर्मरशिवाय बनविले गेले. त्यांतील व्हॉल्व्हच्या तापतारा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एका नेहमीच्या रचनेत एकास ५०, दुसऱ्यास ३५ आणि उरलेल्या तिघांस प्रत्येकी १२ व्होल्ट लागतात. बेरीज १२१ होते. म्हणजे ही माळ थेट तेथील घरगुती विजेला जोडता येते. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला, परंतु त्याने मिळणारे विलगीकरणही गेले. विजेच्या दोन तारांपैकी एक तार अशा संचाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेली असते. पिन उलटी बसली की सांगाडा जिवंत होतो. निसटलेल्या बटणाखालचा धातूचा दांडा किंवा मागचा एखादा स्क्रू एवढ्यालाच हात लागला, तरी जबर झटका बसू शकतो.

हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा १९४६ चा एस-३८ हा संच यांतलाच आहे. त्याची पेटी धातूची असून ती सांगाड्यापासून केवळ विद्युतरोधक चकत्यांनी अलग ठेवलेली आहे. पाऊणशे वर्षांनंतर त्या चकत्या कुजलेल्या असतील असे गृहीत धरावे. ब्रिटनमधील बुश कंपनीचा १९५० चा डीएसी९०ए हा बॅकेलाइटचा देखणा संचही याच तत्त्वावर बांधलेला आहे.

दाब कमी करणारे साधन वापरले की धोका टळला, असा एक गैरसमज आहे. २३० व्होल्टचे १२० करणारी बाजारातील अनेक स्वस्त उपकरणे एकाच गुंडाळीची असतात. ती दाब उतरवितात, पण विलगीकरण करीत नाहीत. दोन स्वतंत्र गुंडाळ्या असलेला विलगक ट्रान्सफॉर्मर वापरल्यावाचून अशा संचाचे झाकण उघडून काम करू नये. घरात लहान मुले असल्यास असा संच शोभेसाठी ठेवावा किंवा घेऊच नये. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर संच हा नवशिक्यासाठी सर्वांत चांगला आरंभ होय.

वाहतूक आणि कायदा

लिलाव जिंकला म्हणजे संच मिळाला असे नव्हे. व्हॉल्व्हच्या संचात जड ट्रान्सफॉर्मर आणि नाजूक काच एकत्र असतात. खोका आपटला की जड भाग सांगाडा वाकवितो आणि पेटी फोडतो. म्हणून बोली लावण्यापूर्वीच दोन खोक्यांत, मध्ये चारही बाजूंनी भरपूर मऊ भरण घालून बांधणी करण्याची विक्रेत्याची तयारी आहे काय, हे विचारून घ्यावे. त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे ही काटकसरच ठरते.

भारतात माल मागविणाऱ्याने आणखी दोन बाबी तपासाव्यात. सीमाशुल्क केवळ बोलीच्या रकमेवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते. शिवाय भांडवली सामग्री वगळता इतर वापरलेल्या मालाची आयात परकीय व्यापार धोरणानुसार निर्बंधित वर्गात मोडते. म्हणून आधी चौकशी केल्याखेरीज परदेशी पटावर बोली लावू नये. प्रेषणक्षम बिनतारी यंत्र असेल, तर ते बाळगण्यासाठीही परवाना लागतो. भारतातील ईबेचा स्वतंत्र पट २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. येथील मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल-एको यांचे संच आता बहुधा ठोक किमतीच्या जाहिरातींतून विकले जातात. तेथे लिलावाचे नियम लागू नसले, तरी मोल ठरविण्याचे आणि दोष ओळखण्याचे नियम तेच राहतात. आणि विक्रेता जवळपासचा असल्यास संच प्रत्यक्ष पाहता येतो, हा मोठाच लाभ आहे.

सौदे कोठे दडलेले असतात

खरा सौदा बहुधा विक्रेत्याच्या अज्ञानातून किंवा आळसातून निर्माण होतो. ज्याला कंपनीचे नाव नीट लिहिता येत नाही, त्याची वस्तू नाव शोधणाऱ्यांना दिसत नाही. हॅलिक्राफ्टर्स या नावातील जोडअक्षर एकेरी लिहिले जाते, ग्रुंडिगचे शेवटचे अक्षर बदलते, ट्रान्स-ओशनिक कधी एक शब्द होतो तर कधी दोन. या चुकीच्या रूपांनीही शोध घ्यावा. नमुन्याचे नाव न देता नुसते 'जुना रेडिओ' म्हणून मांडलेले संच चाळावेत. चार-पाच संचांचा एकत्र गठ्ठा पाहावा. त्यांतील एका चांगल्या संचात बाकीच्यांची किंमत निघून जाते. 'स्वतः येऊन घेऊन जावे' अशी अट असलेल्या जड संचांना स्पर्धक थोडे असतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या गावाजवळच्या अशा लिलावांकडे विशेष लक्ष द्यावे.

संच हाती आल्यावर त्याच दिवशी खोका उघडावा, उघडतानाची छायाचित्रे घ्यावीत आणि वर्णनाशी पडताळून पाहावे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास तक्रारीची मुदत मर्यादित असते. संच महिनाभर माळ्यावर ठेवणाऱ्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. उलट, विक्रेत्याने 'नादुरुस्त' असे स्वच्छ लिहिले असेल, तर तो नादुरुस्त निघाल्याची तक्रार करणे अन्यायाचे होय. या बाजारात एकमेकांविषयी नोंदविलेल्या अभिप्रायांवरच परक्या माणसांचा परस्परांवरील विश्वास उभा आहे. तो राखणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.

सारांश, लिलावातील यश हे चपळ बोटांपेक्षा आधीच्या अभ्यासावर अवलंबून असते. एक नमुना निवडावा, त्याच्या विक्रीच्या नोंदी पाहाव्यात, त्याचे ठरलेले दोष जाणून घ्यावेत, मर्यादा लिहून ठेवावी, अखेरच्या क्षणी एकदाच बोली लावावी, आणि हरल्यास खंत करू नये. कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडलेला संच एकदा हुकला, तरी पुन्हा येतोच. ज्याला वाट पाहता येते, त्याला या बाजारात फारसे कोणी फसवू शकत नाही.